पाचशे घोड्यांचा हिवाळा

जर्मनीत ऑक्टोबर लागला की टायरच्या दुकानांत गर्दी उसळते. उन्हाळी टायर उतरवायचे, हिवाळी चढवायचे, उतरवलेला संच दुकानाच्याच गोदामात भाड्यानं ठेवायचा आणि ईस्टर झाला की उलट खटाटोप, अशी तिथली वर्षानुवर्षांची रीत आहे. (या गोदामांना तिथे चक्क ‘टायर हॉटेल’ म्हणतात.) नोकरीसाठी स्टुटगार्टला किंवा म्युनिकला गेलेल्या मराठी अभियंत्यांना पहिल्याच हिवाळ्यात या रिवाजाची ओळख होते. साध्या हॅचबॅकच्या बाबतीत त्यात विचार करण्यासारखं फारसं काही नसतं. प्रश्न उभा राहतो तो बीएमडब्ल्यू एम३, मर्सिडीज एएमजी किंवा पोर्शे ९११ यांसारख्या गाडीपाशी. लाखभर युरो मोजून घेतलेली गाडी, चारही चाकांना मिळणारी ताकद, शर्यतीच्या तोडीचे ब्रेक, घसरण आवरायला बसवलेला संगणक. एवढं असताना टायरचे दोन-दोन संच कशाला सांभाळायचे? वर्षभर चालेल असा एकच उत्तम टायर घ्यावा आणि मोकळं व्हावं, असं वाटणं साहजिक आहे. माझं म्हणणं उलट आहे. गाडी जितकी ताकदवान, तितकं एकाच टायरवर वर्ष काढणं तिला कमी परवडतं. आणि टायर निवडताना वर्षातल्या बहुतेक दिवसांचा विचार बाजूला ठेवून त्यातल्या सर्वांत वाईट तासाचा विचार करावा.

मुळात टायर रस्त्याला टेकतो तो भाग फार लहान असतो. उभ्या गाडीचं प्रत्येक चाक जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकलेलं असतं. वेग घेणं, वळणं, थांबणं, सगळं तेवढ्याच जागेतल्या रबराच्या पकडीवर होतं. ही पकड रबराच्या लवचीकपणातून येते. रस्त्याच्या खडबडीतपणात रबर शिरतं, दाबलं जातं, पुन्हा मूळ आकारात येतं, आणि या उठबशीतून घर्षण तयार होतं. तापमान उतरलं की रबर कडक होत जातं आणि ही उठबस मंदावते. आपल्याकडे थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं तसंच काहीसं, फक्त इतकं अचानक नाही. ताकदवान गाड्यांच्या उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या डांबरावर टिकावं, वितळल्यासारखं होऊ नये, या हिशेबानं बनवलेलं असतं. त्यामुळे थंडीत सर्वांत लवकर कडक होतं तेही तेच. काही टायर कंपन्या तर अशा टायरबद्दल स्पष्ट बजावतात की उणे ७ अंशांच्या खाली ते ठेवूही नयेत, आणि तितके गारठलेले असतील तर ऊब देऊन सैल होईपर्यंत गाडी हलवू नये, कारण रबराला तडे जाऊ शकतात. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रणच वेगळं असतं. ते थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. बर्फावर त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. ही कल्पना काही नवी नाही. फिनलंडच्या एका कंपनीनं ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर १९३४ मध्ये आणला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हक्कापेलिटा’. पुढे ही कंपनी नोकियन या नावानं ओळखली जाऊ लागली.

या चर्चेत ७ अंश सेल्सिअस हा आकडा सतत ऐकू येतो: पारा त्याच्या खाली गेला की हिवाळी टायर लावा. हा आकडा लक्ष्मणरेषेसारखा वापरण्यात अर्थ नाही. रस्ता कोरडा असेल तर ५ अंशांनाही चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरपेक्षा लवकर थांबू शकतो. तो टायर निकामी होतो तो बर्फ, चिखलबर्फ आणि पहाटेच्या गोठलेल्या दवावर. म्हणून सरासरी तापमान पाहून टायर निवडणारा माणूस फसतो. एक साधा हिशेब करू. ब्रेक दाबल्यावर गाडीला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि घर्षणांकानं भागलं जातं. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या डांबरावर, घर्षणांक ०.९ धरला तर, ११ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर हा आकडा ०.३ धरला तर ३३ मीटर लागतात, आणि ०.२ धरला तर ४९. दशांशाचा तेवढाच फरक, पण पहिली गाडी जिथे थांबलेली असते तिथून दुसरी अजून ताशी २९ किलोमीटर वेगानं पुढे जात असते. समोर कुणी रस्ता ओलांडत असेल, तर योग्य आणि अयोग्य टायरमधला फरक या २९ किलोमीटरमध्ये मोजायचा.

यावर पहिला आक्षेप फोर-व्हील ड्राइव्हचा. चारही चाकांना ताकद मिळत असेल तर बर्फाची भीती कसली? हा समज पक्का होण्यात जाहिरातींचा वाटा मोठा आहे. ऑडीनं १९८० मध्ये क्वात्रो आणली आणि १९८६ मध्ये एक जाहिरात केली, ती आजही आठवली जाते: फिनलंडमधल्या कायपोला इथल्या स्की-उडीच्या उतारावरून ऑडी १०० क्वात्रो सरळ वर चढते. पाहणाऱ्यानं वाहवा केली ती चारही चाकांच्या ताकदीची. पण त्या गाडीला खिळे ठोकलेले टायर होते. ते नसते तर ती ताकद जागच्या जागी चाकं फिरवण्यातच गेली असती. फोर-व्हील ड्राइव्हमुळे गाडी जागची सुटते, वेग घेते, चढ चढते. थांबायला मात्र त्याची काडीचीही मदत होत नाही, कारण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. उलट गाडी सहज वेग घेते म्हणून चालकाला रस्त्याच्या निसरडेपणाचा अंदाज येत नाही, आणि पहिल्या वळणावर तो येतो तेव्हा उशीर झालेला असतो. इलेक्ट्रॉनिक्सचंही असंच. बॉशचं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, घसरण आवरणारी ईएसपी यंत्रणा १९९५ मध्ये. दोन्हींनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण ही यंत्रणा जी पकड शिल्लक आहे तिचं वाटप शहाणपणानं करते, नवी पकड निर्माण करत नाही. टायरच कडक झाला असेल तर वाटायला फारसं उरतच नाही. हजारो युरोंच्या कार्बन-सिरॅमिक ब्रेकलाही हेच लागू: चाक अडकवण्याइतकी ताकद तर साध्या ब्रेकमध्येही असते.

आता ताकदवान गाडीचा प्रश्न साध्या गाडीपेक्षा अवघड का, ते पाहू. एम३ काँपिटिशनला पाचशेच्या वर अश्वशक्ती आहे. निसरड्या रस्त्यावर एवढी ताकद म्हणजे उजव्या पायाच्या अंगठ्याची जराशी चूकही मागची चाकं सैल करायला पुरेशी. त्यात या गाड्यांचे टायर रुंद आणि बुटके असतात. पोर्शे ९११ करेरा एसच्या ९९२ पिढीला पुढे २४५ मिलिमीटर रुंदीचे २० इंची आणि मागे ३०५ मिलिमीटर रुंदीचे २१ इंची टायर येतात. कोरड्या रस्त्यावर ही रुंदी म्हणजे दौलत. भुसभुशीत बर्फावर आणि पाण्यावर तीच उलटते, कारण तेच वजन अधिक रुंद पट्ट्यावर पसरलं की टायर खाली रुतून घट्ट जमिनीपर्यंत पोचण्याऐवजी वर तरंगतो. म्हणून जाणकार हिवाळ्यासाठी वेगळी रिम घेतात: एक इंच लहान, टायर थोडा अरुंद आणि त्याची भिंत थोडी उंच. इथे मनमानी चालत नाही. मोठ्या ब्रेकच्या डिस्कवरून रिम बसली पाहिजे, पुढच्या-मागच्या चाकांच्या घेराचं प्रमाण राहिलं पाहिजे, नाहीतर फोर-व्हील ड्राइव्हची यंत्रणाच बिघडते. गाडीच्या कागदपत्रांत किंवा कंपनीच्या यादीत मंजूर मापं दिलेली असतात. त्यांच्या बाहेर जाऊ नये. टायरच्या भिंतीवर पोर्शेसाठी ‘एन’, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’ अशा खुणा असतात. त्या गाडीसाठी तो टायर कंपनीसोबत मिळून घडवला आहे, असा त्यांचा अर्थ. खूण नसलेला टायर वाईटच असतो असं नाही, पण एका धुरीवर खुणेचा आणि दुसरीवर बिनखुणेचा, किंवा पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी, अशी खिचडी करण्यासारखा धोका नाही. पुढची दोन चाकं पकड धरतात, मागची सोडतात, आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

खुणांवरून आठवलं. टायरवर ‘एम+एस’ लिहिलेलं असलं की तो हिवाळी, असा गैरसमज फार पसरलेला आहे. ‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरं कंपनी आपल्या जबाबदारीवर छापते, त्यासाठी बर्फावर ठरावीक परीक्षा द्यावी लागत नाही. खरी खूण वेगळी: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ती मिळवायला टायरला बर्फावरच्या चाचणीत ठरवून दिलेल्या प्रमाण टायरपेक्षा बऱ्यापैकी सरस ठरावं लागतं. जर्मनीनं २०१० मध्ये हिवाळी परिस्थितीत हिवाळी टायर सक्तीचे केले. तारखा ठरवल्या नाहीत, रस्त्याची स्थिती ठरवली. आता फक्त डोंगर-हिमकणाची खूण चालते. जुने ‘एम+एस’ टायर ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच ग्राह्य होते. दंड ६० युरोंचा, वाहतुकीला अडथळा झाला तर ८०, शिवाय परवान्याच्या नोंदीत एक गुण. शेजारच्या ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हा काळ ठरलेला आहे आणि तिथे हिवाळी टायरची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल लागते. म्युनिकहून शनिवार-रविवारी स्कीला निघालेली महागडी गाडी सीमा ओलांडल्यावर या ४ मिलिमीटरपाशी अडकू शकते, कारण जर्मनीत कायदा १.६ मिलिमीटरवरच थांबतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बारमाही टायर आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. हे खरं आहे. मिशलिननं २०१५ मध्ये क्रॉसक्लायमेट आणला, तो घडणीनं उन्हाळी टायरच्या जवळचा आणि तरीही हिमकणाची खूण मिळवलेला. अमेरिकेत कॉन्टिनेंटलच्या एका बारमाही टायरवर इंग्रजी डी, डब्ल्यू आणि एस ही अक्षरं नक्षीतच कोरलेली असतात. टायर घासत जातो तसं आधी बर्फाचं ‘एस’ पुसलं जातं, मग पाण्याचं ‘डब्ल्यू’, शेवटी कोरड्या रस्त्याचं ‘डी’. इतका प्रामाणिक टायर विरळा! जो माणूस कोलोनसारख्या सौम्य हिवाळ्याच्या शहरात छोटी गाडी चालवतो, वर्षाकाठी थोडेच किलोमीटर जातो आणि बर्फ पडला तर ट्रामनं जाऊ शकतो, त्यानं बारमाही टायर घ्यावा. त्याला दोन संचांचा आग्रह करणं म्हणजे दुकानदाराची वकिली. पण बारमाही टायर ही तडजोड आहे, आणि तडजोडीची किंमत गाडीच्या ताकदीबरोबर वाढत जाते. ऑटोबानवर ताशी २०० किलोमीटरनं धावू शकणाऱ्या दोन टनांच्या गाडीला जुलैच्या उन्हात थांबायला काही मीटर जास्त लागणं आणि शहरात पन्नासनं फिरणाऱ्या छोट्या गाडीला ते लागणं, या एका मापाच्या गोष्टी नाहीत. शिवाय ज्या स्टीअरिंगच्या अचूकपणासाठी मालकानं जादा पैसे मोजले, तो मऊ ठोकळ्यांच्या टायरवर आधी हरवतो. हाच युक्तिवाद दुसऱ्या बाजूनंही चालतो: आळसानं हिवाळी टायर जूनपर्यंत तसेच ठेवणाऱ्यानं, ‘सुरक्षित टायर आहेत ना?’ असं म्हणून स्वतःची समजूत घालू नये. तापलेल्या डांबरावर ते लुसलुशीत होतात, भराभर झिजतात आणि थांबायला उशीर लावतात.

खर्चाचा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो. दुसरा संच घेतला म्हणजे खर्च दुप्पट होत नाही, कारण एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही. जादा खर्च रिमचा, चढवण्या-उतरवण्याचा आणि गोदामाच्या भाड्याचा. वर हिवाळी माप लहान असल्यानं तो टायर बहुधा स्वस्तही पडतो, आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठानं महागड्या उन्हाळी रिमची वाट लागत नाही. ‘आता पूर्वीसारखा बर्फ कुठे पडतो?’ हा प्रश्न त्यापेक्षा विचार करण्याजोगा आहे. हिवाळे सौम्य होत आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. पण म्युनिकला जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. म्हणजे दिवसा वितळायचं आणि रात्री गोठायचं, हा खेळ तिथे रोजचाच. रस्त्यावर पांढरा बर्फ दिसत असेल तर चालक सांभाळून तरी जातो. पुलावर गोठलेला पारदर्शक थर दिसतच नाही. बर्फाचे दिवस कमी झाले तर बेसावधपणाचे दिवस वाढतात, म्हणून हा आक्षेप माझ्या मते उलट बाजूला झुकतो. आणि थंडी पडली की टायरमधली हवाही आकसते: दर १० अंशांमागे दाब साधारण दीड पीएसआयनं उतरतो. ऑक्टोबरात नीट भरलेला टायर जानेवारीत आपसूक कमी दाबाचा झालेला असतो.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो चाकणपासूनच सुरू होतो. मर्सिडीजचा भारतातला कारखाना तिथे आहे, जग्वार-लँड रोव्हरची जुळणी पुण्यात होते, ऑडीची छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यात. या गाड्या युरोपात घडलेल्या मापांचे, युरोपच्या उन्हाळ्यासाठीचे टायर लेवून रस्त्यावर येतात. ते इथे चुकीचे नाहीत. जर्मनीचा उन्हाळाही पावसाचा असतो आणि चांगला उन्हाळी टायर पाणी उपसण्यात वाकबगार असतो. हिवाळी टायर आपल्याला नकोत, बारमाहीचीही गरज नाही. आपला वाईट तास पावसाळ्यात येतो. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस अपवादाचा मानला, तरी जुलैतल्या साध्या सरीतही द्रुतगती महामार्गावर पाण्याचा थर साठतो. नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की पाण्याचा निचरा झाला नाही तर टायर ज्या वेगाला पाण्यावर तरंगू लागतो, तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्यांचं सूत्र विमानांच्या टायरवरून आलेलं आहे, म्हणून ढोबळ मानायचं: ३३ पीएसआयला सुमारे ९६ किलोमीटर, २५ पीएसआयला ८३. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाट सोडला तर मोटारीला वेगमर्यादा ताशी १०० ची आहे. म्हणजे गुळगुळीत टायर, कमी हवा आणि साठलेलं पाणी यांची गाठ पडली तर कायदा पाळणारी गाडीही तरंगू शकते. टायरवरचे चर खोल असतील तर पाणी त्यातून निघून जातं आणि हा धोका बराच टळतो. आपल्याकडेही मोटारीसाठी कायदा १.६ मिलिमीटरचीच मर्यादा सांगतो. ३०० मिलिमीटर रुंदीच्या टायरला पावसाळ्यात ती अपुरी आहे.

आणि नेमका इथेच आपला श्रीमंत मालक उलट्या दिशेनं जातो. गाडी घेतली की पहिलं काम काय, तर आणखी मोठ्या अलॉय आणि आणखी रुंद टायर. दिसायला देखणं, मुसळधार पावसात घातक, खड्ड्यात तर रिमचा निकाल. काही हौशी मंडळी शर्यतीच्या धावपट्टीसाठी बनलेले, जवळजवळ चर नसलेले टायर रोजच्या गाडीला लावतात. पावसाळ्यात ते काढून ठेवायची तयारी असेल तरच लावावेत. अनेक गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चरनंतरही चालणारे रनफ्लॅट टायर असतात. ते ताशी ८० च्या वेगानं साधारण ८० किलोमीटर नेतात, म्हणजे मुंबईहून निघालेल्याला मदतीपर्यंत पोचवतात, समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरला मात्र ते पुरणार नाहीत. समृद्धीचा वाईट तास तसाही वेगळा आहे: मे महिन्यातली विदर्भाची दुपार, सरळ सिमेंटचा रस्ता, ताशी १२० ची मर्यादा आणि आत कमी हवा असलेला टायर. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकण्यानं तापतो आणि तापून फुटतो. हा महामार्ग सुरू झाल्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे परिवहन विभागाला प्रवेशद्वारावर टायर तपासायची वेळ आली. त्यात टायरच्या आयातीवर सरकारनं जून २०२० मध्ये निर्बंध घातल्यापासून विरळ मापांचे टायर मिळायला वेळ लागू शकतो. म्हणून टायर संपल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा दोन महिने आधी मागणी नोंदवलेली बरी.

तेव्हा गाडी कोणतीही असो, मे महिन्याच्या अखेरीला दहा मिनिटं काढा. गाडी थंड असताना हवा तपासा. दाब किती हवा ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. टायरच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा: २५२१ म्हणजे २०२१ चा पंचविसावा आठवडा. टायर पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर नक्षी कितीही चांगली दिसो, जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षांचा झाला असेल तर काढून टाका. नक्षीची खोली मोजायचं साधन कुठल्याही चांगल्या टायरवाल्याकडे असतं. ती ३ मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर पहिल्या पावसाआधी टायर बदला. नव्या अलॉय दिवाळीनंतर घेतल्या तरी चालतील.